मार्जिन नसलेला टॉप

नाटे गावात दर्शनाच्या हातचा ब्लाउज अंगाला लागला नाही अशी बाई शोधूनच काढावी लागेल. तिची ख्याती एका गोष्टीसाठी होती. ब्लाउजच्या आत ती दोन बोटं मार्जिन सोडायचीच. बाईचं अंग आज असतं ते उद्या नसतं. मार्जिन उसवलं की तोच ब्लाउज पुन्हा बसतो. मार्जिन न ठेवणारा शिंपी म्हणजे उद्याचा विचार नसलेला माणूस, असं तिचं ठाम मत.

त्यामुळे शेजारची शमिका एका दुपारी येऊन म्हणाली, "काकी, मला कबड्डीसाठी टॉप शिवून दे, आतच ब्रा जोडलेला," तेव्हा दर्शनाला त्यात काही अवघड वाटलं नाही. ब्लाउजात कप बसवणं म्हणजे तिच्या हातचा मळ.

शमिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि गावच्या मुलींच्या संघात चढाई करावी तर तिनेच. पण गेल्या सामन्यात ती एक हात छातीशी धरून चढाईला गेली आणि रेषेबाहेर बसलेली टाळकी फिदीफिदी हसली. तेव्हापासून पाय मुरगळल्याचं सांगून ती घरीच होती. रत्नागिरीच्या दुकानातली ब्रा छातीला बसली तर खालची पट्टी वर सरकायची, पट्टी बसली तर श्वास कोंडायचा.

"रविवारी राजापूरला सामना हाय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "ह्या वेळेला नाय जमलं तर मी कबड्डी सोडतंय."

सदा खिदळणारी पोर, तिचं तोंड असं उतरलेलं दर्शनाला बघवेना.

"गप गो बाय. मी मेलंय काय?"

लाल, ताणाचं कापड आणलं. दर्शनाने माप घेतलं, सवयीने थोडं सैल धरलं, आणि आत दोन बोटं मार्जिन सोडलं. शमिका टॉप घालून घरापुढच्या खळ्यात उतरली आणि तिने उडी मारली. शमिका खाली आली, आतली ब्रा वरच राहिली. मार्जिनचा काखेत गोळा झाला तो वेगळाच. दर्शनाची सासू गोदा नुकतीच मासे विकून आली होती, पाटी उतरवून पायरीवर बसली होती.

"ह्यात आणखी दोघी मावतील," ती म्हणाली.

"उद्या लगीन होईल, अंग भरेल, आई. उसवता नको यायला?"

"लगीन होईल तेव्हा होईल. सामना रविवारी हाय."

दर्शनाला राग आला, कारण म्हातारी बरोबर बोलत होती. मग तिने शमिकाची दुकानातली ब्रा उसवून तुकडे मापले. सगळे अंगापेक्षा लहान. कापड ताणलं की मापात येणार, अशी त्यातली गंमत. म्हणजे कापायचंच लहान! जन्मभर अंगापेक्षा मोठं कापलेला तिचा हात काही तयार होईना. शेवटी गणपतीचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. मार्जिन नाही म्हणजे नाही.

पण त्या धसक्यात कापडाचा ताण आडवा धरायचा तो उभा धरला गेला. शमिकाचं डोकं आत, हात वर, आणि टॉप ना वर जाईना ना खाली येईना. एका बाजूने दर्शना ओढतेय, दुसऱ्या बाजूने गोदा.

"काकी, सोडव गो मला," आतून आवाज आला.

"हलू नको," गोदा म्हणाली. "जाळ्यातली सुरमय पण तुझ्यापेक्षा शहाणी असते."

आतल्या आत शमिका हसायला लागली. मग तिघीही अशा हसल्या की ओढायला कुणाच्या हातात जोर उरला नाही. तेवढ्यात शिवण तटकन तुटली आणि पोर सुटली. दर्शनाने डोळे पुसले आणि ती तुटलेली शिवण उजेडात धरून पाहिली. कापड ताणलं होतं, सरळ टाका ताणला नव्हता.

तिने ताण आडवा धरून नवं कापड कापलं. साड्यांना पिको करायचं मशीन तिच्याकडे होतंच. त्याचा नागमोडी टाका कापडाबरोबर ताणला गेला. आत जाळीचे दोन थर घातले, छातीखाली रुंद इलॅस्टिक, खांद्याचे पट्टे पाठीवर एकमेकांवरून नेले. मशीनने कापड गिळलं, तिने सुई बदलली, उसवलं, मशीनच्या सात पिढ्या काढल्या आणि पुन्हा शिवलं. या वेळी शमिकाने टॉप चढवला, हात वर केले, चार उड्या मारल्या. "कबड्डी कबड्डी" करत जी सुटली ती थेट किनाऱ्याच्या रस्त्याला लागली.

"अगो, दोरे कापायचे हायत अजून," दर्शना मागून ओरडली.

रविवारी दर्शना रेषेला खेटून बसली. खेळ तिला दिसतच नव्हता, दिसत होती ती काखेतली शिवण. शमिका चढाईला गेली, समोरच्या दोघींनी तिला कमरेला धरून मागे खेचलं, तेव्हा दर्शना फक्त इलॅस्टिकसाठी देवाला हात जोडत होती. तेवढ्यात शमिकाने झेप घेतली. दोन्ही हात पुढे, मोकळे, बोटं रेषेकडे ताणलेली. त्यानंतर शिवणीचं काय झालं ते दर्शनाला ठाऊक नाही, कारण ती उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होती.

सामना जिंकून शमिका लाल मातीने माखलेली तिच्याकडे आली.

"सरकला नाय ना? टोचला काय कुठे?" दर्शनाने विचारलं.

"काय?"

"टॉप गो."

शमिकाने मान खाली घालून स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. मग ओशाळून हसली. "त्याची मला आठवणच नाय झाली, काकी."

ब्लाउजांची आजवर केवढी तरी तारीफ दर्शनाने ऐकली होती, पण इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. तिने पोरीला मातीसकट कुशीत ओढलं.