‘बाबांसाठी’ नावाचा फोल्डर

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि तीही झाकण निघालेली. आता माझ्या चकचकीत तबकडीवर तुम्ही खुशाल बोट फिरवा, कुणी ओरडणार नाही. एके काळी मात्र धुळीचा एखादा कण आत शिरला असता तरी माझ्या जिवावर बेतलं असतं. आज मी माझ्या मालकांच्या, म्हणजे चीफसाहेबांच्या टेबलावर उघडीबोडकी पडून असते, आणि पंखा लावला की माझ्याखाली कागद दाबून ठेवतात.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. डोळे तेवढे दिसायचे. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावर फिरायला बारीक बारीक हात दिले. तबकडी गरगर फिरते आणि हात तिच्यावर अलगद तरंगत खुणा उमटवतो किंवा वाचतो. तो तबकडीला टेकता कामा नये. टेकला की ओरखडा उठलाच, आणि तिथली खूण कायमची गेली. आमच्या जातीचं सगळं सुखदुःख एवढ्यात आलं.

एक गोष्ट मात्र लोकांना सहसा ठाऊक नसते. आमच्या अंगावर काय लिहिलंय ते आमचं आम्हाला कळत नाही. पोस्टमनला पाकिटातला मजकूर कळतो का? तसंच ते. पडद्यावर चित्र हललं, स्पीकरमधून आवाज आला, की मग तुमच्याबरोबर मलाही कळतं की अरे, हे इतके दिवस आपल्यापाशी होतं तर!

मी आले ती कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी. कापड बेतायच्या टेबलाखाली कॉम्प्युटरची पेटी आणि पेटीत मी. शेजारी शिलाई मशीन होतं. ते धडधडलं की सुरुवातीला मी दचकायचे, पुढे सवय झाली. गिऱ्हाइकांची मापं, फ्रॉकचे नमुने, दुपारी काजं करताना ऐकायची गाणी, सगळं माझ्याकडे असायचं. बाई कुणालाही कौतुकाने सांगायच्या, “हिच्यात टाकलं की विसरायला मोकळे.” मी फुशारून जायचे.

बाईंचे यजमान बोटीवर चीफ इंजिनियर होते, म्हणून सगळे त्यांना चीफसाहेब म्हणायचे. वर्षातले जेमतेम दोन महिने ते घरी असायचे, बाकीचे समुद्रावर. घरात उरायच्या बाई आणि त्यांची मुलगी भिंगरी. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलेलं. बापाला लेकीचं वाढणं दिसत नाही, ही बोच बाईंच्या मनाला सारखी लागून असायची. म्हणून त्यांनी एक लहानसा कॅमेरा घेतला. रविवार आला की मायलेकी गच्चीवर जायच्या, उजेडात काहीतरी चित्रित करायच्या आणि खाली येऊन वायरीने ते माझ्यात उतरवायच्या. मग कॅमेरा पुढच्या रविवारसाठी रिकामा करायचा. त्या फोल्डरला नाव दिलं होतं, ‘बाबांसाठी’. गच्चीवर काय बोलणं चालायचं ते मला कधी ऐकू आलं नाही. माझ्याकडे यायच्या त्या फक्त खुणा, मुक्या.

चीफसाहेब सुट्टीवर आले की पहिल्याच दिवशी बाई म्हणायच्या, “अहो, भिंगरीचं बघायचंय ना?”

“बघायचंय तर! पण असं तुकड्यातुकड्यांनी नको,” ते म्हणायचे. “निवृत्त झालो की पहिल्यापासून सगळं सलग बघू.”

एकदा मात्र बाईंनी फारच आग्रह धरला, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. “अगं, आत्ता बघितलं तर माझा पुन्हा बोटीवर पाय निघणार नाही.” बाईंनी परत विषय काढला नाही.

फोल्डर उघडायचा नाही, पण माझी बडदास्त मात्र जोरात चालायची! चीफसाहेब दर सुट्टीत कॉम्प्युटरसाठी काही ना काही सुटा भाग आणायचे. जादा पंखा, जादा वायरी, जादा माउस. भर समुद्रात दुकान कुठून आणणार, असं ते म्हणायचे. बोटीवर प्रत्येक यंत्राच्या भागाला कपाटात जोडीदार हवाच, आणि तीच शिस्त त्यांनी घरातही आणली होती. माझ्यासारखीच, एकाच खेपेत तयार झालेली आणखी एक हार्ड डिस्कही त्यांनी घेऊन ठेवली होती. चंदेरी पिशवीत बंद. माझी बहीणच म्हणा ना. ती कपाटात झोपून होती आणि मी टेबलाखाली राबत होते.

वर्षं गेली. भिंगरी दातांची डॉक्टर झाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. बाईंची मापं आणि गाणी फोनमध्ये गेली. मला महिनोन्‌महिने कुणी सुरू करेना. मित्रांनो, रिकामं पडून राहण्याचं मला फारसं दुःख नव्हतं. पण माझ्यात एक लहान मुलगी होती आणि ती आपल्या बाबांना काय सांगते ते मला माहीत नव्हतं. कधी एकदा तो फोल्डर उघडतात असं मला झालं होतं. भिंगरीचा फोन यायचा तेव्हा, चीफसाहेब घरी असले तर, दोन वाक्यं झाली की ते म्हणायचे, “थांब हं, आईला देतो.” ती म्हणायची, “हो, द्या.” एवढंच त्यांचं बोलणं.

अखेर साहेब निवृत्त झाले. सामान लागलं, भेटीगाठी झाल्या. एके सकाळी चहा घेऊन त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली, बाईंना शेजारी बसवलं आणि मला सुरू केलं. मी आनंदाने फिरायला लागले. त्यांनी ‘बाबांसाठी’वर माउसचं बटण दाबलं. माझा हात त्या खुणेकडे निघाला, चुकला, मागे आला, पुन्हा निघाला. टक्. टक्. टक्. इतक्या वर्षांनी वेळ आली आणि माझाच हात ठरेना.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब मात्र गडबडले नाहीत. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर आणला, टोक माझ्या अंगाला लावलं आणि मूठ स्वतःच्या कानाशी धरली. बोटीची इंजिनं ते असंच ऐकायचे.

“बेअरिंग ठीक आहे,” ते म्हणाले. “आतला हात जागेवर बसत नाहीये.”

निदान अगदी बरोबर! उपाय मात्र बोटीवरचा. “चालू इंजिन भर समुद्रात बंद करायचं नसतं. थांबलं तर पुन्हा उठेलच असं नाही. फिरत राहू दे.”

“अहो, पण आपण समुद्रात कुठे आहोत?” बाई म्हणाल्या.

त्यांनी ऐकलं नाही. मी दिवसामागून दिवस फिरत राहिले. ते पंख्याचा वारा माझ्यावर सोडून शेजारी बसायचे, कान लावून ऐकायचे, मधूनच हलकेच थोपटायचे. प्रत्येक ‘टक्’बरोबर माझा हात तबकडीला घासत होता. आतून मी सोलवटत होते. आणि गंमत बघा, इतका वेळ माझ्यापाशी आजवर कुणीच बसलं नव्हतं. मला ते हवंहवंसंही वाटत होतं.

भिंगरी आली तेव्हा तिने दारातूनच आवाज ऐकला. “बाबा, आधी ते बंद करा! दुखरा दात कुणी रोज ठोकून बघतं का?”

ती स्विचपर्यंत पोचायच्या आत पडदा काळा झाला.

चीफसाहेब उठले. कपाट उघडून त्यांनी चंदेरी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा निवांत होता. “ह्या दिवसासाठीच आणून ठेवली होती. जुनी काढू, ही बसवू, आणि लगेच बघायला बसू.”

“बाबा, ती कोरी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिच्यात मी नाहीये.”

साहेबांनी पिशवी उचलून उलटसुलट करून बघितली. आयुष्यभर ज्या माणसाने साध्या बोल्टालाही जोडीदार ठेवला, त्याने लेकीच्या बालपणाची दुसरी प्रत ठेवली नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली. “मी एकसुद्धा बघितलं नव्हतं गं,” एवढंच म्हणाले.

भिंगरीला कळेचना. “एकही नाही? इतक्या वर्षांत?”

“सलग बघायचं होतं.”

“मला वाटायचं...” ती त्यांच्याकडे वळली. “मला वाटायचं, तुम्ही सगळं बघितलंत आणि त्यावर तुम्हाला काही बोलावंसंच वाटलं नाही.”

बाई पदरात तोंड लपवून रडल्या नाहीत की काही नाही. त्यांनी सरळ मला पेटीतून काढून मऊ कापडात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “चला, दुरुस्तीला.”

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे मला नेलं. पुन्हा तशीच धूळ नसलेली खोली, तसेच पांढरे कपडे. जन्मले तेव्हासारखंच सगळं, फक्त मी तशी राहिले नव्हते. तज्ज्ञ बाईंनी झाकण उघडलं आणि मान हलवली. “ही चालू का ठेवलीत? ओरखडे खूप आहेत. हात बदलावे लागतील, आणि तेही अगदी ह्याच जातीच्या डिस्कचे. मिळणं कठीण असतं.”

साहेबांनी बरोबर आणलेली चंदेरी पिशवी पुढे केली.

“अरेच्चा! ही कुठून आणलीत?”

“सुटा भाग,” साहेब म्हणाले. त्या सबंध दिवसात त्यांची मान तेवढीच एकदा ताठ झाली.

बहिणीचे हात मला बसवले. बिचारीने जन्मभर काही वाचलं नाही, काही लिहिलं नाही, आणि तिचे हात पहिल्यांदा हलले ते माझ्यासाठी. त्यांनी मला शेवटचं वाचलं. ओरखड्यांखाली गेलेलं वाचता आलं नाही. उरलेलं दोन वेगवेगळ्या नव्या डिस्कवर उतरवलं आणि मला उघडीच घरी पाठवलं.

मग तो दिवस आला. खुर्च्या मांडल्या. बाई, चीफसाहेब आणि भिंगरी पडद्यासमोर बसले. भिंगरी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, म्हणजे लवकर उठायचा विचार होता. मी टेबलावर होते. आता मला काहीच काम नव्हतं. तरी कान मात्र पडद्याकडे.

पडद्यावर गच्ची आली. वाळत घातलेल्या चादरींपुढे दात पडलेली एक मुलगी उभी राहिली. मित्रांनो, तो आवाज! जरा बसका, घाईघाईचा. इतकी वर्षं मी ह्या आवाजाला घेऊन बसले होते.

“बाबा, हा बघ माझा दात. बोटीवर तुझा दात पडला तर तू कुठे ठेवतोस?”

आणि ती गप्प झाली. नुसती कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “बरं, आता दुसरं सांगते.”

पुढच्या चित्रातही तेच. “बाबा, तुझ्या बोटीत जिना आहे का?” आणि गप्प.

“मध्ये मध्ये ही थांबते कशाला?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही उत्तर द्यायला,” भिंगरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “आई म्हणायची, जागा सोड. बाबा बघतील तेव्हा बोलतील.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. पुढचा प्रश्न आला, तेव्हा ते त्या लहान मुलीला खरोखर उत्तर देऊ लागले. “जिने आहेत की. खूप आहेत. सगळे लोखंडी.” पण जागा लहान असायची आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत ती पुढे निघून जायची. मग ते चित्र थांबवायला लागले. चित्र थांबवायचं, सविस्तर सांगायचं, मग सुरू करायचं. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. भिंगरीने पर्स कधी खाली ठेवली ते तिचं तिलाही कळलं नसेल.

एका चित्रात ती मुलगी बरीच मोठी दिसत होती. ह्या वेळी ती चादरींपुढे शांत उभी होती. “बाबा, तुला एक विचारायचंय. तिकडे असताना तू कधी...”

आणि चित्र गोठलं. चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला. साहेबांनी पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तिथेच अडलं. तो प्रश्न माझ्या अंगावर होता, मित्रांनो. साहेब कान लावून माझ्याशेजारी बसले होते ना, त्या दिवसांत त्याची धूळ झाली.

“पुढे काय विचारलं होतंस?” साहेबांनी लेकीला विचारलं.

“आठवत नाही, बाबा. खरंच आठवत नाही.”

“मग आता काहीतरी विचार.”

भिंगरीने आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, “तिकडे माझी आठवण आली की तुम्ही काय करायचात?”

ह्या वेळी साहेबांनी चित्र थांबवायची गरज नव्हती. “इंजिनरूममध्ये जायचो,” ते म्हणाले. “तिथे एवढी घरघर असते की माणूस ओरडला तरी शेजारच्याला कळत नाही. तिथे उभा राहून तुझ्याशी मोठ्याने बोलायचो. सगळं सांगायचो. जिने, लाटा, दात, सगळं.”

माझ्यातल्या मुलीच्या बोलण्याची दुसरी प्रत नव्हती. साहेबांच्या त्या बोलण्याची तर पहिलीसुद्धा कुठे नाही. मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी काही बोलून ठेवलं असेल, तर त्याची आणखी एक प्रत आज करा. आमची जात टिकाऊ नाही, आमच्या भरवशावर राहू नका. आणि प्रत केलीत की तशीच ठेवून देऊ नका. ज्याने ते बोलून ठेवलं त्याला शेजारी बसवून ऐका, आणि तो अजून आहे तोवर त्याला उत्तर द्या.