वीतभर शिलाई

मालकांनी कोट टेबलावर उलटा टाकला आणि अस्तराच्या कडेवर बोट ठेवलं.

"हा टाका कुणाचा?"

टेलरबाईने मशीनवरचा पाय काढला, चष्मा नाकावर चढवला आणि कोट जवळ ओढला. खरं म्हणजे चष्म्याची काही गरज नव्हती. एकोणीस वर्षं ती या दुकानात लोकांचे कपडे सैल नाहीतर घट्ट करून देत होती, आणि त्यातली बारा वर्षं मालकांच्या कोटांच्या अस्तरात नशेच्या पावडरीची चपटी पाकिटं शिवून देत होती. आपला टाका तिला डोळे मिटून बोटानंसुद्धा ओळखता आला असता. कोटाच्या कडेची सगळी शिलाई तिचीच होती, फक्त मधली वीतभर तेवढी तिची नव्हती. ती कुणाची, तेही तिला कळलं होतं. तरी ती आपली चष्म्याची काडी नीट करत बसली.

"माझा बाप पोती शिवायचा," मालक म्हणाले. तोंडातली खोकल्याची गोळी त्यांनी या गालातून त्या गालात नेली. "उजव्या हाताचा टाका इकडे कलतो, डाव्याचा तिकडे. एवढं मलाही समजतं. माल पोचला तेव्हा हलका होता. वाटेत कुणीतरी अस्तर उसवलं, चिमूटभर काढलं आणि परत शिवलं. या कोटाला हात लागतात दोघांचे, तुझे आणि ड्रायव्हरचे. त्यातला तो डावखुरा. पण मी उगाच कुणाच्या जिवावर उठत नाही. तू सांग, मग बघू काय ते."

दाराशी मालकांचा जावई उभा होता. त्यानं काचेवरची पाटी फिरवून 'बंद' केली. भर दुपारी दीड वाजता.

टेलरबाईची नजर मागच्या खुंटीकडे गेली. तिथे एक तपकिरी कोट तीन वर्षं लटकत होता, कॉलरला पावती टोचलेला. आधीच्या ड्रायव्हरचा. बाह्या आखूड करायला टाकून गेला तो गेलाच. त्यानंही चिमूटभरच काढलं होतं म्हणे. पुढे त्याची बायको दुकानात येऊन गेली होती. "कोट न्यायला आले होते का हो?" असं विचारत होती बिचारी.

आणि आताचा हा ड्रायव्हर! पंचेचाळिशीचा घोडा, पण वागणं असं की दुकानात शिरला की शाळा सुटल्यासारखं वाटायचं. दर चार दिवसांनी त्याचं कसलंतरी बटण तुटलेलं असायचं. ते मुठीत घेऊन यायचा आणि म्हणायचा, "टेलरबाई, हे माझ्याच्यानं होत नाही, तूच लाव." एकदा वैतागून ती म्हणाली होती, "ये, शिकवते." समोर बसवून शिकवलं असतं तर काम सोपं होतं. आरशात बघितल्यासारखं त्यानं तिचं बघून शिवलं असतं. पण नाही! साहेबांना शेजारीच बसायचं होतं, अगदी खांद्याला खांदा लावून. मग काय करणार, डावखुऱ्याला शेजारी बसून दाखवायचं तर आपणही डाव्या हातानं शिवायला हवं. चाळिशी उलटलेल्या बाईनं महिनाभर बोटं टोचून घेत उलट्या हातानं शिवणं शिकून घेतलं, आणि तो मात्र दोन टाके घालून, "जमत नाही बुवा," म्हणत तिच्या खांद्यावर डोकं टेकवून मोकळा झाला. तिलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला.

हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याची नशा सोडवायला तिनं त्याला आठ दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. त्याचं सगळं अंग कापत होतं आणि गादी घामानं भिजत होती. नवव्या दिवशी त्यानं तिचा हात धरून शपथ घेतली होती, "सुटलं बघ. आता मेलो तरी शिवणार नाही त्याला."

"बोल की," मालक म्हणाले.

"टाका माझाच आहे, मालक."

जावई दाराशी हसला. मालक हसले नाहीत.

"पाकीट आत सरकवताना सुई लागली," ती म्हणाली. आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "भोक पडलं, पावडर सांडली. मी घाबरले. ओल्या फडक्यानं पुसून टाकली, दुसरं पाकीट केलं आणि तेवढं परत शिवलं. सांगायला हवं होतं, चुकलंच माझं."

"आणि टाका उलटा?"

"उजवा अंगठा इस्त्रीनं भाजला होता. डाव्या हातानं शिवला."

तिनं अंगठा पुढे केला. शिंप्याच्या हातावर भाजल्याच्या डागांना काय तोटा! त्यातला एक नशिबानं ताजा निघाला.

मालकांनी अंगठा बघितला. मग खिशातून रुमाल काढला, चारपदरी घडी केली आणि तिच्यापुढे ठेवला.

"शिवून दाखव. डाव्या हातानं."

तिनं सुईत दोरा ओवला. बोटात घालायची पत्र्याची टोपी उजव्या हातावरून काढून डाव्या हातात घातली. आता हात चुकला की संपलं, एवढं एकच डोक्यात होतं. तो आत्ता कुठेतरी गाडी पुसत असेल, शीळ घालत असेल. त्याला यातलं काही माहीत नाही, आणि त्याचा जीव या वीतभर दोऱ्याला लटकलाय. तिनं डोळ्यांपुढे शेजारची ती खुर्ची आणली. खांद्यावर त्याचं डोकं आणलं. अशा वेळी तो बडबड करायचा आणि ती म्हणायची, "गप बस, टाका हुकेल." पहिला टाका पडला, दुसरा पडला. चौथ्याला सुई बोटात घुसली, तिनं हूं की चूं केलं नाही. पंधरा टाके झाल्यावर तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

मालकांनी रुमाल कोटाच्या कडेला लावला आणि नखानं एकेक टाका तपासत गेले. गोळी गालात वाजत होती. रुमालाचे टाके तसेच कलले होते.

"बारा वर्षांत पहिली चूक," ते शेवटी म्हणाले. "म्हणून ऐकून घेतलं. दुसरी ऐकणार नाही. तुझीही नाही आणि त्याचीही नाही."

रुमाल त्यांनी घडी करून खिशात घातला. जावयानं एक नवा कोट आणि पाकिटं टेबलावर ठेवली. पाच वाजता ड्रायव्हर न्यायला येईल, असं सांगून दोघं गेले. जुना कोट तिथेच राहिला.

टेलरबाई उठली, घटाघटा पाणी प्याली, पुन्हा बसली. वाचला बाई, असं ती मोठ्यानं म्हणाली. म्हणताना रडू आलं आणि रडताना हसूही आलं. मग डोळे पुसून तिनं तो कोट पुन्हा हातात घेतला. त्याची शिलाई एकदा मायेनं बघावी, एवढाच हेतू होता.

बघता बघता तिचं हसू गेलं. शिलाई सुरेख होती. टाके एकसारखे होते, कुठे चुणी नव्हती, गाठ अस्तराच्या आत लपवलेली. ज्याला बटण लावता येत नाही त्याच्या हातची ही शिलाई नव्हे. पहिल्यांदा उसवून शिवणाऱ्याचीही नव्हे. इतका हात बसायला दहा-बारा कोट तरी लागतात. महिन्याला जेमतेम तीन कोट जायचे. तिनं मनातल्या मनात मागे जात मोजलं, तर हिशोब थेट हिवाळ्यापाशी जाऊन थांबला. त्या मागच्या खोलीपाशी, त्या शपथेपाशी.

"अरे मेल्या," ती कोटाला म्हणाली, "तू एक दिवससुद्धा सोडलं नव्हतंस रे."

राग आला, भयंकर आला. समोर असता तर कानाखाली वाजवली असती. पण त्या रागातही ती नव्या कोटाचं अस्तर शिवत राहिली, कारण पाचाला कोट तयार हवा होता.

पाचाच्या ठोक्याला तो आला, शीळ घालतच. मूठ तिच्यापुढे उघडली. तळव्यावर बटण होतं.

"टेलरबाई, पुन्हा तुटलं बघ. माझ्याच्यानं काही—"

"बस."

तो शेजारच्या खुर्चीकडे वळला.

"तिथे नाही, समोर बस."

तो समोर बसला. तिनं दोरा ओवलेली सुई त्याच्यापुढे धरली.

"तूच लाव आज."

"काय गं, भांडलीस का कुणाशी?" त्यानं हसत सुई घेतली आणि मुद्दाम वेंधळेपणानं बटणाच्या बाजूला खुपसली. "बघ, नाही जमत."

तिनं मालकांचा जुना कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि ती वीतभर कड त्याच्याकडे फिरवली.

त्याचं हसू विझलं. तो त्या शिलाईकडे बघत राहिला, तिच्याकडे बघायची मात्र हिंमत होईना. मग त्यानं मान खाली घातली आणि बटण लावायला लागला. डावा हात भराभर चालला. चार भोकांतून चार वेढे, बटणाखाली दोरा गुंडाळून केलेली मान, आत लपवलेली गाठ. दोरा त्यानं दातानं तोडला, अगदी तिच्यासारखाच.

"मालक आले होते?" त्यानं विचारलं.

"आले होते. जावई दार अडवून उभा होता."

"काय सांगितलंस?"

"माझाच टाका आहे म्हणून सांगितलं. शिवूनही दाखवला, डाव्या हातानं."

त्यानं तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटावर रक्ताचा ठिपका सुकला होता. त्यानं हात पुढे केला, पण तिनं तो धरला नाही. नव्या कोटाची घडी उलगडली आणि कोट त्याच्यापुढे ठेवला.

"माझा जीव आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "उद्याही असेल, त्याला माझा इलाज नाही. पण देवानं मला दोनच हात दिलेत. उजवा मालकांना बारा वर्षं माहीत आहे. डावा आज दाखवून झाला. आता पुढचा टाका मी कुठल्या हाताचा म्हणून सांगू?"

त्यानं कोट बाजूला सारला. मग वाकून त्यानं डाव्या पायातला मोजा खाली केला, आतली कागदाची बारीक पुडी काढली आणि तिच्या कात्रीशेजारी ठेवली. पुडी ठेवली, तरी हात मागे घ्यायला त्याला वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

"मागच्या खोलीत गादी आहे अजून?" त्यानं विचारलं.

"आहे."

"आणि हा कोट कोण नेणार?"

टेलरबाईने खुंटीवरच्या तपकिरी कोटाकडे एकदा बघितलं. मग उठून तो नवा कोट तिनं स्वतःच अंगात घातला आणि त्याचं एकेक बटण खालून वर लावत गेली.

"गाडीची किल्ली दे," ती म्हणाली.