कुरतडलेली जागा

मी एक पट्टा बोलतोय. पट्टा कसला, पट्ट्याचे दोन तुकडे. लांब तुकडा दाराच्या आतल्या खिळ्याला लटकतोय आणि हुकाकडचा वीतभर तुकडा कुत्रीच्या अंथरुणावर पडलाय. परवा संध्याकाळी जे झालं त्याने मला बसलेला हादरा अजून ओसरलेला नाही. तसं मी काही वावगं केलं नव्हतं. नेमून दिलेलं काम तेवढं करत होतो, आणि तेच आठवून अंगावर काटा येतो.

कारखान्यात मला विणलं, टोकाला हूक बसवला आणि यंत्रात अडकवून दोन्हीकडून ताणून पाहिलं. मी टिकलो. दुकानदाराने मास्तरांना सांगितलं, "धरणारा थकेल, हा तुटायचा नाही." असं कौतुक ऐकल्यावर कोण फुगणार नाही? मीही फुगलो.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणसाने किल्ली फिरवायच्या आधी त्यांचं एकच पालुपद असायचं, "आधी आरसा बघा, मग गाडी हलवा." घरात त्यांची पडदे शिवणारी बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ही तपकिरी कुत्री. तेव्हा ती एवढीशी पिल्लू होती आणि तिला दात येत होते. पहिल्याच आठवड्यात तिने मला हुकाजवळ असं कुरतडलं, की धागे बाहेर आले. मास्तर म्हणाले, नवा आणू. बायको म्हणाली, "चांगल्या वस्तूला लगेच कशाला टाकायचं?" आणि पडद्याच्या दोऱ्याने तिने ती जागा शिवून टाकली. दोरा वेगळ्याच रंगाचा. चारचौघांत जायचं म्हणजे मला त्या टाक्यांची इतकी लाज वाटायची, की त्या कुत्रीवरचा माझा राग कधी पुरता गेलाच नाही.

पण होती गुणाची. घरात तिला सगळे मुकादम म्हणत, कारण हजेरी घेतल्याशिवाय ती हलायचीच नाही. फिरायला निघालं, की तिघांकडे एकेक नजर टाकायची. कुणी मागे राहिलं, तर परत जाऊन त्याला घेऊन यायची. मैदानावर तिला मोकळं सोडत आणि मी मास्तरांच्या खांद्यावर. तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा. पलीकडे रस्ता, सायकली, परकी कुत्री. तरी एका हाकेला ती परतायची, तिघांना मोजायची आणि हुकासाठी मान पुढे करायची. हूक लागला, की मास्तर मला मनगटाला दोन वेढे देत आणि म्हणत, "पट्टा लागला, काळजी मिटली." मलाही ते अगदी खरं वाटायचं.

परवा आम्ही असेच फिरून परत आलो. इमारतीच्या पायरीवर मुलगी बुटाची नाडी बांधायला बसली. लिफ्ट आली. मास्तर आत शिरले, मागोमाग त्यांची बायको आणि कुत्री. मास्तरांनी बटण दाबलं आणि वरच्या आकड्यांकडे बघत उभे राहिले.

मुकादमने हजेरी घेतली. एक कमी. ती वळली आणि मुलीला आणायला बाहेर गेली.

दार मिटलं. मध्ये माणसाचा हात आला तर ते दार मागे सरतं. माझ्यासारखा बोटभर रुंदीचा पट्टा त्याला जाणवलाच नाही. माझं एक टोक आत, मास्तरांच्या मनगटावर. दुसरं बाहेर, तिच्या गळ्यात. आणि लिफ्ट वर निघाली.

आत मास्तरांचा हात जमिनीकडे खेचला गेला आणि ते गुडघ्यांवर आले. वेढे असे आवळले, की सोडवता येईनात. त्यांची बायको दिसेल ते बटण दाबत होती. बाहेर कुत्री दाराला घासत वर उचलली गेली, तिचे मागचे पाय जमिनीवरून सुटले. मुलगी सुटल्या नाडीनेच धावली, तिला कवेत घेऊन जमेल तेवढं उंच धरलं. पण मी त्याहून वर चाललो होतो.

"सोड तिला," मुलगी म्हणाली. "सोड ना."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. ती मलाच सांगत होती. आणि मला सोडता येत नव्हतं हो! न सुटणं, न तुटणं, याच्यासाठीच तर मला विकत आणलं होतं. माझी सगळी मजबुती तिच्या जिवावर उठली होती आणि मी ती टाकू शकत नव्हतो.

मग ती कुरतडलेली जागा उसवायला लागली. एक टाका गेला, दुसरा गेला, उरलेले धागे एकदम तुटले. कुत्री मुलीच्या अंगावर कोसळली.

आत मास्तरांच्या मनगटावरची ओढ अचानक थांबली. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वरच्या मजल्यावर दार उघडल्यावर ते कठड्याला धरून जिने उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. पुढे बघायचं धैर्यच होईना. बायकोने दंड धरून त्यांना पुढे आणलं. मुलगी जमिनीवर बसली होती, मांडीवर कुत्री. तिने कशीबशी मान उचलली. मुलीकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. हजेरी पूर्ण झाल्यावर मान परत खाली ठेवली.

डॉक्टरांकडून आल्यावर मास्तरांनी माझा लांब तुकडा खिळ्याला अडकवला. मग म्हणाले, "लिफ्टच्या मागच्या भिंतीला अख्खा आरसा आहे. मी बघितला नाही."

तिच्या गळ्याला सूज आहे, आवाज घोगरा झालाय, पण खाते-पिते. शेजारच्या खिळ्यावर आता नवा पट्टा आलाय. आपण कधी तुटत नाही, अशी त्याची घमेंड चालू असते. मीही असाच होतो. त्याला सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. पट्टा लागला म्हणून काळजी मिटत नाही. लिफ्टमध्ये तिला जवळ, आखूड धरा, दार मिटेपर्यंत नजर तिच्यावर ठेवा, आणि मनगटाला वेढे मात्र देऊ नका. प्रत्येक पट्टा वेळेवर तुटत नाही. मी तुटलो तो तिने पिल्लू असताना माझं नुकसान केलं म्हणून, आणि त्याचा मी इतकी वर्षं राग धरला होता.

आज ते पहिल्यांदा फिरायला निघाले. दार उघडं होतं, मला इथून लिफ्ट दिसत होती. मास्तरांनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि मोठ्याने माणसं मोजली. ती तिघांना मोजायची, स्वतःला कधी धरायची नाही. मास्तरांनी तिच्यापासूनच सुरुवात केली.