आजी सव्वाअकराला येते

पावभट्टीच्या वरच्या खोलीत जायला सोळा पायऱ्या होत्या आणि त्या मंगळवारी सोळाही पायऱ्यांवर माणसं होती. एकीला हरवलेली कानातली हवी होती, एकाला नोकरी. एका जोडप्याला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कधी टळणार, एवढंच कळलं तरी पुरे होतं. उत्तर देणार होती पाववाल्याची आई. ती चार महिन्यांपूर्वी वारली होती. जिवंतपणी म्हातारीला "जेवलीस का?" विचारायलाही कोणी जिना चढलं नव्हतं. आता मात्र तिच्या सल्ल्यावाचून गल्लीत पान हलेना.

म्हातारी बोलायची कुठून? नातीच्या पोटातून.

नात आठ वर्षांची. सगळे तिला चिमी म्हणत. तिला खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवत. पोटावर डॉक्टरांकडे असते तशी नळी, नळीच्या टोकाला माइक आणि माइकची वायर कोपऱ्यातल्या कर्ण्याला. शेजारी नादमहाराज. अंगात रेशमी झगा, दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक इहलोकाचं, दुसरं परलोकाचं. दोन्हींत वेळ एकच होती.

"शांतता!" महाराज म्हणाले. "पलीकडून यायची वाट लांबची आहे. पाहुणा रिकाम्या घरातच उतरतो, म्हणून हे पोट काल संध्याकाळपासून रिकामं ठेवलंय. शंकेखोरांनी खाली उतरावं. शंकेने नाद बिघडतो."

बरोबर सव्वाअकराला कर्णा बोलला : "गुर्रर्र... गुडुडुड... कुईं!"

बायकांनी पदर सावरले. दोघांनी टोप्या काढल्या.

"आली!" महाराजांनी डोळे मिटले. "म्हणतेय, कानातली अंधाऱ्या जागी आहेत."

वस्तू उजेडात असती तर हरवली कशाला असती, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर नाद बिघडला असता.

सर्वांत खालच्या पायरीवर शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्यांना आजीला काही विचारायचं नव्हतं. चिमी पुन्हा वर्गात आली नव्हती, म्हणून एक तास दुसऱ्यांच्या गळ्यात मारून त्या आल्या होत्या. हजेरीवहीच्या कडेला पेन्सिलीने बारीक नोंदी करायची त्यांना खोड होती. गेल्या आठवड्याच्या नोंदी अशा : मंगळवार, गैरहजर. बुधवार, चेहरा फिकट. शुक्रवार, गैरहजर. शनिवार, प्रार्थनेच्या रांगेत चक्कर.

बैठक उठली तशी बाईंनी पाववाल्याला खाली भट्टीपाशी गाठलं.

"दादा, लेकरू उपाशी ठेवता?"

"उपाशी कुठे, बाई? बैठक झाली की पोटभर देतो." पाववाला पीठ मळत होता. त्याने मान वर केली नाही. "येत्या शुक्रवारनंतर मात्र तीन दिवस नुसतं पाणी. महाराज म्हणाले, मग आई स्पष्ट बोलेल. शब्दांत."

"तीन दिवस? आठ वर्षांची आहे ती! एवढं काय विचारायचंय तुम्हाला?"

पिठाचा गोळा दोनदा आपटला गेला. "आई गेली तेव्हा मी इथे होतो. भट्टीत माल होता. वरून बोलावणं आलं, मी म्हटलं, पाच मिनिटांत आलो. आलो तेव्हा..." त्याने पिठावर मूठ दाबली. "माझ्यावर रागावून गेली का, एवढंच विचारायचंय. महाराज म्हणतात, आवाज जड आहे. म्हणजे राग असणार."

बाईंना त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ते राहून गेलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"बैठक सव्वाअकरालाच का हो?"

"अकराच्या आधी दुसरी खेप भट्टीत सरकवतो. ती भाजेपर्यंत मी मोकळा. मला ऐकायला मिळावं म्हणून महाराजांनी ती वेळ धरलीय."

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. भाजलेल्या पावाचा खरपूस वास सोळा पायऱ्या चढून निवांत वर चालला होता. सकाळी नाश्ता करून निघालेल्या बाईंच्याही तोंडाला पाणी सुटलं.

"हा वास वरपर्यंत जातो की!"

"कसला वास?" पाववाल्याने खरोखरीच्या आश्चर्याने विचारलं.

बावीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या त्या नाकाला पावाचा वास केव्हाच सवयीचा झाला होता. वासाने रस्त्यावरची माणसं वळत. ज्याच्या घरातून तो निघे, त्यालाच त्याची खबर नव्हती!

"उपासाचं तेवढं सोडा, दादा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुमची आई आहे ना?"

"आहे."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात शेकायची रबरी पिशवी आणली.

"पोट का गुरगुरतं, सांगा बघू."

"आत मांजर असतं!" बडबडी म्हणून शाळाभर प्रसिद्ध असलेली एक मुलगी ओरडली.

"जेवणाची घंटा असते."

"आजी असते," चिमी खाली बघत म्हणाली. कोणी हसलं नाही. अर्ध्या वर्गाच्या आया त्या जिन्यावर उभ्या राहून आल्या होत्या.

बाईंनी पिशवी पाण्याने गच्च भरली, बूच लावलं आणि दाबली. पिशवी मुकाट. मग अर्धं पाणी ओतून टाकलं, आत हवा राहू दिली, पुन्हा बूच लावून दाबली. गुडुक, गुडुडुक! वर्ग खिदळला.

"आपलं पोट अशीच पिशवी आहे, आणि आतडं म्हणजे तिला जोडलेली लांबच लांब नळी. दोन्ही आवळतात, सैल होतात. त्याच्या लाटा जातात. जेवण पुढे सरकून गेलं की थोड्या थोड्या वेळाने एक मोठी लाट येते, उरलंसुरलं झाडून न्यायला. आत असते हवा आणि पाचक रस. ते या बोळातून त्या बोळात ढकलले जातात, त्याचा हा आवाज. भरल्या घरात झाडलं तर आवाज सामानात दबतो, रिकाम्या घरात घुमतो. बस, एवढंच!"

"पण बाई, वास आला की जास्त होतं," बडबडी म्हणाली.

"बरोबर. नाकाने सांगितलं की डोकं पोटाला निरोप धाडतं, जेवण येतंय, कामाला लाग. जेवण आलंय की नुसतीच थाप आहे, ते पोटाला कुठे दिसतं?"

"म्हणजे माझं पोट सगळ्यांसारखंच?" चिमीने विचारलं.

"अगदी सगळ्यांसारखं."

तिच्या चेहऱ्यावर आलं ते समाधान होतं की निराशा, हे बाईंना ओळखता आलं नाही. त्यांनी आपला अर्धा डबा तिच्यापुढे सरकवला.

शुक्रवारी बाईंनी मुख्याध्यापकांकडून विज्ञानाच्या सहलीची परवानगी काढली. सहलीचं अंतर दोन गल्ल्या. साडेअकराच्या सुट्टीचे डबे काखोटीला मारून तीस पोरं सोळा पायऱ्या चढली.

"बालकं!" महाराजांना भरून आलं. "निष्पाप कान! बसा, बसा, पुढे बसा!"

सव्वाअकराला खालून वास चढला. कर्ण्यातून चिमीचं पोट बोललं. महाराजांनी डोळे मिटून "आली!" म्हणायला तोंड उघडलं, तोच पुढच्या रांगेतून आवाज आला, "गुर्रर्र." मग मागून एक, खिडकीपाशी दोन. बघता बघता खोलीभर बेडकांचं संमेलन भरलं.

"महाराज," बाईंनी नम्रपणे विचारलं, "यातली आजी कोणती?"

"हे... हे सगळ्यांचे पूर्वज! निष्पाप बालकांना भेटायला धावत आले!"

"पण माझ्या दोन्ही आज्या घरी आहेत," एक पोरगा म्हणाला. "आणि दोन्ही आजोबा पत्ते खेळतायत."

"मग पणजोबा असतील!"

"महाराज, माझ्या पणजोबांना विचारा ना, मी गणितात पास होईन का?" असं म्हणत बडबडी पुढे आली. चिमीच्या पोटावरची नळी तिने आधी आपल्या पोटाला लावली आणि मग, कोणाला काही कळायच्या आत, महाराजांच्या. "गुड्डुड्डुड् गुर्रर्रर्र!" कर्ण्यावरची धूळ उडाली.

"अय्या! तुमच्याकडे कोण आलंय?"

"अगं कोणी नाही!" महाराज नळी ओढत खेकसले. "सकाळपासून पोटात काही गेलं नाही माझ्या, आणि वर हा मेला पावाचा वास..."

ते गप्प झाले, पण माइक त्यांच्याच हातात होता. वाक्य कर्ण्यातून सोळाही पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत पोचलं होतं.

"कसला वास?" पाववाल्याने हळूच विचारलं.

"तुझ्याच पावाचा, दादा!" जिन्यावरून कोणीतरी ओरडलं. "अख्ख्या गल्लीला येतो!"

चिमीची आई इतका वेळ दाराआड होती. ती खाली धावली आणि गरम पाव घेऊन वर आली. महाराज आडवे आले.

"खबरदार! एक घास घेतला, तर म्हातारी कायमची जाईल!"

चिमीने पावाकडे हात नेला नाही. ती बापाकडे बघत राहिली. पाववाल्याचे ओठ हलले.

"बाई, खरंच गेली तर?"

"दादा, तुमची आई चार महिन्यांपूर्वी गेली," बाई म्हणाल्या. "उपाशी ठेवलीत तर आता ही पोर जाईल."

पाववाल्याने बायकोच्या हातातला पाव घेतला, मोडला आणि लेकीच्या हातात दिला. ती आधी हळू, मग भराभर खाऊ लागली. तो तिच्यासमोर मट्कन खाली बसला.

"मग मी आता कोणाला विचारू? रागावून गेली का, ते?"

"नाही रागावली," चिमी भरल्या तोंडाने म्हणाली. "मी होते ना तिच्याजवळ. म्हणाली, त्याला वर बोलावू नका, पाव करपतील. मग झोपली."

पाववाला बघतच राहिला. "अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे पोटालाच विचारत होतात."

पाववाल्याने तोंड ओंजळीत झाकलं. त्याची बायको त्याच्या शेजारी बसली. मुलांनी न सांगता डबे उघडले. नादमहाराज दोन्ही लोकांची घड्याळं सांभाळत जिना उतरले तेव्हा त्यांना वाट द्यायला मात्र सगळे तत्परतेने बाजूला झाले.

तेव्हा मंडळी, गेलेली माणसं कोणाच्या पोटात येऊन बसत नाहीत. तिथे हवा असते, रस असतो आणि पुष्कळदा भूक असते. मनात काही सल असेल तर त्या वेळी जवळ असलेल्या जिवंत माणसाला विचारा, मग ते माणूस आठ वर्षांचं का असेना. आणि लेकराचं पोट बोललं तर त्याचा अर्थ लावायला महाराज लागत नाही. ताट वाढायचं, झालं.