गवळ्याच्या घरचा लंगोट

मी लंगोट बोलतोय. हसलात ना? हसा, खुशाल हसा. माझ्या जातीला पाहून कुणी हात जोडल्याचं अजून ऐकिवात नाही. पण हसून झालं की घटकाभर ऐका. ज्या लेकराच्या कमरेला मी आहे, त्याची गोष्ट आता हसण्यासारखी राहिलेली नाही.

तसा मी जन्माचा लंगोट नव्हे. मी धोतर होतो, धोतर! लक्ष्मणराव गवळ्यांचं. त्यांच्या आजोबांनी उदगीरकडून म्हशी हाकत आणल्या आणि इकडं तेलुगू मुलखात, गौलीगुड्यात, गोठा टाकला. लक्ष्मणराव सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून पार आबिड्सच्या बाजारापर्यंत रतीब घालायचे. मी त्यांच्या कमरेला. चेनमध्ये अडकून फाटलो, शेणानं माखलो, पण ऐट विचारू नका. गल्लीत शिरलो की बायका म्हणायच्या, "आला बाई खऱ्या दुधाचा माणूस."

आणि भामा, लक्ष्मणरावांची बायको! तिचं एकच पालुपद. "आमच्या घरात एक वेळ मुडदा पडेल, पण दुधात पाणी पडणार नाही." हे ती पाहुण्यांना सांगायची, शेजारणींना सांगायची, भांडण कशावरूनही असो, शेवटी हेच सांगायची. बाईला दुसरा दागिना नव्हता, म्हणून तिनं हाच जन्मभर मिरवला.

पुढं पिशवीचं दूध आलं. गोठ्याच्या जागी लोक गाड्या लावायला लागले. लक्ष्मणराव पायजम्यावर आले आणि मी ट्रंकेत गेलो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात किती वर्षं काढली, देव जाणे.

एके दिवशी ट्रंक उघडली. मुलगा रितेश, त्याची बायको त्रिवेणी, तिला दिवस गेले होते. लेकराला पहिलं कापड कोरं घालायचं नाही, घरातल्या थोराचं जुनं घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं, ही आमच्याकडची रीत. भामानं मला टर्रकन फाडलं. त्रिवेणीनं बसून नाड्या शिवल्या. एका धोतराचे आम्ही बरेच भाऊ झालो. सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतोय असं समजा.

पोरगी झाली. श्रुती नाव ठेवलं. पण बाळंतपणात त्रिवेणीचं रक्त फार गेलं आणि दूध काही आलंच नाही. शतावरी झाली, डिंक झाला, अळीव झाले. बिचारी छातीशी पोर धरून तासन्‌तास बसायची आणि मग तोंड फिरवून रडायची. तिला माहेर म्हणाल तर नाही. आई लहानपणीच गेलेली. शेवटी डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं.

तो डबा घरात आला, तेव्हा भामा त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होती. त्रिवेणी उकळून निवलेलं पाणी बाटलीत मोजून घ्यायची आणि मग डब्यातला चमचा सपाट भरून पावडर टाकायची.

"अगं, एवढं पाणी?" भामा किंचाळली. "हे दूध आहे की भांड्याचं धुवण?"

"आत्या, डब्यावर असंच लिहिलंय." सुनेनं सासूला आत्या म्हणायचं, ही यांच्यातली पद्धत.

"लिहायला काय जातंय! त्या कंपनीवाल्याचं लेकरू आहे का हे?"

पण तोवर बाटली त्रिवेणीच्या हातात होती आणि माझी नोकरी झकास चालली होती. भिजायचं, माखायचं, धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळायचं. यापेक्षा लंगोटाला आणखी काय हवं असतं सांगा!

सव्वा महिना झाला आणि आबिड्सच्या साडीच्या दुकानातून त्रिवेणीला निरोप आला. या, नाहीतर दुसरी मुलगी ठेवतो. रितेशच्या एकट्याच्या पगारात घर भागत नव्हतं. ती गेली. जिना उतरताना तीनदा मागं वळली.

आणि बाटली भामाच्या हातात आली. पाणी निम्मं, चमचा शीग लावून. "पी माझ्या सोन्या," ती म्हणायची, "गवळ्याची नात आहेस तू. पाणचट पिऊन कसं बाळसं धरशील?" किती प्रेमानं म्हणायची हो! खोटं नाही सांगत, त्या बाईच्या मनात पोरीविषयी वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर कुणी तिला अडवलं तरी असतं.

मग माझं काम थांबलं. पोर कुंथायची, पाय पोटाशी घ्यायची, तोंड लालबुंद व्हायचं. मी खाली श्वास धरून बसलेला. ये बाई, ये, कर एकदाची. काही नाही. भामा मला उलगडून बघायची आणि कोरा पाहून मलाच शिव्या घालायची. पोट हे असं, ढोलकीसारखं. बेंबीवर हिंगाचा लेप झाला. एरंडेल चोळून झालं. गुटी उगाळून झाली. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तोही प्रयोग झाला. मला तर तेव्हा डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

शेवटी झालं. शेळीच्या लेंड्या असतात ना, तसं, खडे नुसते. "झाली गं बाई, झाली!" म्हणून भामानं देवापुढं साखर ठेवली. माझ्यावर त्या खड्यांशेजारी रक्ताची रेघ होती. तिला ती दिसली नाही. संध्याकाळी धुणं काढताना त्रिवेणीला दिसली आणि तिनं मला दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाई तेलुगू, पण बोलायची इथल्या हिंदीत. बाटली कशी भरता, तिनं विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"अम्मा, डब्बे पे जित्ता लिखा है उत्ता पानी डालो. कम नक्को, ज्यादा भी नक्को. गाढ़ा दूध पिला पिला के बच्ची का पेट पत्थर कर दिए तुम. और वो देठ, गुटी, सब बंद."

"हौ, हौ," भामा मान डोलावत होती. रिक्षात बसताच म्हणाली, "हिला काय कळतंय? हिच्या बापानं कधी म्हैस पाळली का?"

त्रिवेणीनं हात जोडले, पाया पडली. पावडर मोजून लहान लहान डब्यांत भरून ठेवली, एका बाटलीला एक डबी. भामा एका बाटलीत दोन डब्या रिकाम्या करायची. रितेश एकदा म्हणाला, "आई, ऐक ना गं तिचं." भामा म्हणाली, "तू काय पाण्यावर वाढलास का रे?" तो चपला घालून निघून गेला. पोटात खडे घेऊन पोर बाटली तोंडातून ढकलायची, अंगानं उतरायची. आणि पोर उतरली म्हणून भामा आणखी घट्ट करायची. आता याला काय म्हणावं?

एका दुपारी लक्ष्मणराव तिच्यासमोर येऊन बसले.

"भामे, मी दुधात पाणी घालत होतो."

भामा हसली. "काहीही बोलताय."

"शप्पथ. म्हशी आटल्या की घालायचो. मग सवयच लागली. रतिबाच्या वाटेवर एक नळ होता. कोणाचं लेकरू मेलं नाही त्यानं. तूही घाल पाणी. पोरीचे हाल बघवत नाहीत मला."

खरं बोलला म्हातारा. त्या नळाच्या चिखलाचे शिंतोडे माझ्याच काठावर उडायचे. ही गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नसती. धोतरानं मालकाची लाज झाकायची असते, उघडी करायची नसते. पण त्यानं स्वतःच ती उघडी केली, नातीसाठी केली, आणि मला वाटलं, सुटली पोर. आता तरी सुटली!

भामाचा चेहरा राखेसारखा झाला. ती उठली, पाळण्यातल्या पोरीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली.

"लोकांच्या लेकरांना पाणी पाजलंत," ती म्हणाली. "म्हणून हिच्या पोटात अडकलंय. तुमचं पाप आहे हे. आता मीच फेडते."

आणि त्या दिवसापासून एक चमचा आणखी वाढला.

लक्ष्मणरावांनी काय करायचं बाकी ठेवलं? भामाच्या माहेरच्यांना बोलावलं, त्यांनी तिचीच री ओढली. सुनेला सगळं सांगितलं. ती त्या रात्री नोकरी सोडते म्हणाली, सकाळी पुन्हा जेवणाचा डबा घेऊन दुकानाकडं निघाली. सोडली तर घरानं खायचं काय?

काल सकाळी भामा अंघोळीला गेली. लक्ष्मणरावांनी बाटली उचलली, थर्मासमधलं उकळलेलं पाणी तिच्यात ओतू लागले. मी पाळण्याच्या काठावर वाळत होतो. मनात म्हटलं, ओता मालक, ओता, जन्मात एकदाच हे पाणी पुण्याचं आहे. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली.

"पुन्हा?" भामा दारात ओल्या केसांनी उभी होती. "या वयात पुन्हा तेच? स्वतःच्या नातीच्या तोंडचं दूध?"

आबिड्सच्या एवढ्या गिऱ्हाइकांना जन्मभर जो सापडला नाही, तो काल सापडला. थर्मासचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, चोरासारखा.

मला आता फार दिवस नाहीत. धुऊन धुऊन विरलोय, उद्या फरशी पुसायला जाईन. त्याचं दुःख नाही. पण तुमच्या घरी असा डबा असेल तर त्यावरचं वाचा हो, आणि वाचलेलं पाळा. पाण्याची लाज बाळगू नका. त्या घरात ऐकू जाईल असं तोंड मला असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. तोंड फक्त त्या पोरीला आहे, आणि ते रडण्यापुरतंच.

ही बघा, उठली. पाय पोटाशी घेतले, कुंथतेय, रडतेय. भामा धावत आली.

"भूक लागली गं माझ्या बाईला," ती म्हणाली आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं.