रिफंडपुढची खूण

जावईबापूंची जोडणी फसली, तर आत्याच्या पदरात बरंच काही पडणार होतं. दादा आता सोडणार होते ती काचेच्या केबिनमधली खुर्ची, चेकवर एकटीची सही, आणि उरलेला जन्म पुरेल एवढं ‘मी म्हटलंच होतं’. जोडणी जमली, तर मात्र हिशेबखात्यातल्या तिच्या टेबलाला ड्रॉवर उरणार होता, ड्रॉवरला कुलूप उरणार होतं, आणि आत विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं. हे सगळं तिने चहा निवायच्या आत मांडून पाहिलं, आणि मगच जावईबापूंकडे बघून गोड हसली.

दादांच्या मुलीची आत्या म्हणून ती अख्ख्या कारखान्याची आत्या. कारखाना गाद्यांचा. खाली शिवणविभाग, मागे गोदाम, वर ऑफिस. गाद्या वेबसाइटवर विकल्या जायच्या. गिऱ्हाइकाच्या कार्डावरचे पैसे एक पेमेंट कंपनी गोळा करायची, आपलं कमिशन कापायची आणि बाकीची रक्कम बँकेत पाठवायची. त्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड फक्त आत्याकडे होता. दादांकडेसुद्धा नव्हता, आणि दादांना ते ठाऊकही नव्हतं.

“त्या कंपनीतला एकेक व्यवहार आपोआप आपल्या कोठारात उतरवून घेणारी सेवा असते,” जावईबापूंनी समजावलं. हे जावई म्हणजे संगणकाचं शिकलेले, बोलायला मऊ, आणि दोनच महिन्यांपूर्वी धंद्यात आलेले. “कोठार म्हणजे डेटाचं हो, आत्या. एकदा जोडलं की कुठली गादी किती खपते ते दादांना भिंतीवरच्या टीव्हीवर रोज दिसेल. फक्त तुमच्याकडून एक किल्ली लागेल.”

“किल्ली?”

“वाचायची किल्ली. अक्षरांची एक लांब ओळ असते. तुमच्या खात्यातून तयार होते.”

“आणि मग तुम्ही आत शिरणार.”

“मी नाही, आत्या. ती सेवा.”

“तेच ते,” आत्या म्हणाली.

सख्ख्या भाच्याला तिने तिथेच कान धरून विचारलं असतं. जावयाला कसं विचारणार? जावयाशी ‘अहो-जाहो’त बोलायचं, आणि अहो-जाहोत चोर म्हणता येत नाही.

किल्ली तयार करताना पडद्यावर एक यादी आली. काय काय वाचू द्यायचं, त्यावर खुणा करायच्या. पेमेंट, ग्राहक, मागवलेला माल, बँकेत पाठवलेली रक्कम, रिफंड. आत्याने एकेका शब्दावर बोट ठेवत खुणा केल्या आणि रिफंडपाशी थांबली. रिफंड म्हणजे पैसे बाहेर. समोर स्वच्छ लिहिलं होतं की फक्त वाचण्याची परवानगी. पण नुसतं वाचायला म्हणून आलेले लोक उठताना काय काय घेऊन जातात, हे तिने पाहिलं होतं. आणि रिफंड त्यांना हवेत कशाला? तिच्याकडे महिन्याचं विवरण यायचं त्यात रिफंड वजा होऊनच बेरीज असायची. तशीच बेरीज कोठारात जाईल. तिने ती एक चौकट रिकामी ठेवली, किल्लीची ओळ कागदावर छापून पाकिटात घातली, पाकीट डिंकाने चिकटवलं आणि जावईबापूंच्या हातात दिलं.

“ईमेल चाललं असतं, आत्या.”

“ईमेल कोणीही वाचतं.”

जावईबापूंनी ते अक्षर न् अक्षर हाताने टाइप केलं. जोडणी झाली. टीव्ही लागला. दादा हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर असे उभे राहिले, जशी काही नातवंडं बघतायत.

टीव्हीवर सगळ्यात वर ‘ढग’ होती. ही नवी, मऊ गादी. महिनाभर झोपून बघा, नाही पटली तर पैसे परत, आणि गादीही परत पाठवू नका, गरजूला देऊन फक्त फोटो पाठवा, अशी तिची जाहिरात. ढगचा आकडा रोज चढत होता.

“दुप्पट कापा,” दादांनी शिवणविभागाच्या मास्तरांना सांगितलं. शिवणाऱ्या बायका ओव्हरटाइमला बसल्या. गोदामात ढगांची थप्पी छताला लागली.

मास्तर एकदा वर आले. “आत्या, खरंच एवढी खपतेय का ती? मी स्वतः झोपून बघितलं. सकाळी दोन माणसांनी उठवलं मला.”

“मास्तर, लोकांच्या कमरा तुमच्यासारख्या नसतात.”

“असेल बुवा,” म्हणत ते कंबर धरून खाली गेले.

आत्या हसली खरी, पण त्याच दुपारी तिने टीव्हीवरची बेरीज कागदावर उतरवली आणि बँकेतल्या जमेशेजारी ठेवली. टीव्ही जास्त सांगत होता. कमिशन वजा केलं, तरी जास्त. पुढच्या आठवड्यात फरक आणखी वाढला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिने जावईबापूंवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. ते फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. नवे बूट घालून आले. ती टेबलाजवळून गेली की लॅपटॉप किंचित वळवायचे. महिनाअखेर पेमेंट कंपनीचं विवरण आलं. आत्याने नेहमीप्रमाणे सरळ शेवटची ओळ गाठली. बँकेशी पै न् पै जुळत होती. म्हणजे चोरी नव्हती. मग टीव्हीवरचा आकडा फुगला कशाने? खुर्ची मिळावी म्हणून जावईबापूच तो फुगवत होते! मधली पानं तिने उलटली नाहीत. बघायला माणूस मिळाल्यावर पानं कोण बघतं?

दादांनी बैठक बोलावली ती खुर्ची कोणाला द्यायची हे सांगायला. मास्तर गोदामाच्या जागेसाठी आले होते, तेही बसले. दादा बोलायच्या आत आत्याने दोन कागद टेबलावर सरकवले.

“ही बँक, हे कंपनीचं विवरण. दोन्ही जुळतात. आणि तो तुझा टीव्ही, दादा. मधे फक्त एकच गोष्ट आहे.” तिने जावईबापूंकडे बघायचं शिताफीने टाळलं. “मी कोणाचं नाव घेत नाही. घरातलं माणूस आहे.”

“घ्या ना नाव, आत्या,” जावईबापू शांतपणे म्हणाले आणि लॅपटॉप उघडून दादांकडे वळवला. “ही त्या सेवेची रोजची नोंद. रोज सकाळी एकच ओळ येते. ‘रिफंड : परवानगी नाही. ही यादी वगळून पुढे जात आहोत.’ पहिल्या दिवसापासून. रोजच्या ओळीचा फोटो काढून ठेवलाय मी.”

“परवानगी का नाही?” दादांनी विचारलं.

“किल्ली आत्यांनी केली.”

आत्याने आपले दोन कागद एकावर एक सरळ लावले. “पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तर मला विचारलं का नाही?”

“तुम्हाला? हिशेब? मी जावई आहे, आत्या. कुठल्या तोंडाने विचारू?”

“आणि गप्प बसून फोटो काढत होता! काय वाटलं तुम्हाला माझ्याबद्दल?”

“जे तुम्हाला माझ्याबद्दल वाटलं तेच,” जावईबापू म्हणाले. “रिफंड लपवताय म्हणजे ते कुठल्या तरी ओळखीच्या कार्डावर जात असणार. जिन्यात जाऊन मी बायकोला हेच विचारत होतो, की तुझी आत्या पहिल्यापासूनच अशी आहे का.”

मास्तरांना खोकला आला.

“खूण कर,” दादा आत्याला म्हणाले. फक्त एवढंच.

तिने तिथेच पासवर्ड घातला. पहिल्यांदाच कोणाच्या तरी समोर. चौकटीत खूण केली. महिनाभर बाहेर थांबलेले रिफंड कोठारात उतरायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. मग भिंतीवरचा ढगचा आकडा सगळ्यांच्या देखत घसरायला लागला. खाली, आणखी खाली, तळाच्या कापसाच्या गादीच्याही खाली. झोपून बघितलेल्यांपैकी बहुतेकांनी पैसे परत घेतले होते. गाद्या देऊन टाकल्या, फोटो पाठवले, आणि फोटो आला की वेबसाइटने पैसे आपोआप परत केले. परत काही आलंच नाही, म्हणून फाटकावरच्या माणसालाही कळलं नाही.

“आणि गोदामात आहेत त्यांचं काय करू?” मास्तरांनी विचारलं.

उत्तर मास्तरांनीच दिलं. “म्हणजे हे संपेपर्यंत कापायचं बंद.”

“बंद,” दादा म्हणाले.

आता जमाखर्च. दादांनी खुर्ची कोणालाच दिली नाही. स्वतःच बसून राहिले, आणि ढगांचं नुकसान धंद्याच्या खर्चात टाकलं, म्हणजे त्यावर करही वाचला. जावईबापूंनी लेखी माफी मागितली आणि ‘डेटाप्रमुख’ अशी पाटी मिळवली. ते आता आत्याला सगळं विचारतात, दोघांपुरतं, अगदी नम्रपणे, आणि पुरावा राहावा म्हणून ईमेलवर. आत्याची सही शाबूत राहिली. पासवर्डही तिच्याचकडे राहिला. तिचं म्हणाल तर गेलं ते एवढंच, की ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायची तिची सोय कायमची गेली.

शिवणविभागातल्या बायकांना काम नसल्यामुळे घरी बसवलं. त्यांनी ना खूण गाळली होती, ना फोटो काढले होते. सांगितली तेवढी गादी शिवली होती. शेवटच्या पगाराची पाकिटं सहीला वर आली, तेव्हा आत्याने एकेक रक्कम तपासली, ओव्हरटाइम धरून. बेरीज बिनचूक होती. तिने सही केली, आणि पाकिटं डिंकाने चिकटवली.