बाळाआधी कॉलर

पूर्वी जिन्यावर ह्यांच्या आधी ह्यांचा खोकला वर यायचा. सिगारेट सुटली तसा खोकला गेला, मधल्या वळणावर कठडा धरून थांबणंही गेलं. त्या संध्याकाळी लाँड्रीतून परतताना पावलं अशीच न थांबता दारापर्यंत आली. पण ह्यांच्यासोबत धुराचा वासही आत आला.

नेमकी त्याच संध्याकाळी लेक पहिल्यांदा बाळाला घेऊन यायची होती. फोनवर तिनं बजावलं होतं, "बाबा, दारातच तुमची कॉलर हुंगणार. वास आला तर तिथूनच परत." बोलली ते करणारी पोर, अगदी बापावर गेलेली.

विचारावं, तर दुपारच्या जपापासून दिवेलागणीपर्यंत माझं मौन. रोजचा नेम. मी नुसतंच शर्टाकडे बोट दाखवलं.

"काही नाही गं," म्हणत हे मोरीत गेले आणि नळाखाली हात धरून उभे राहिले. हात धुणं काही संपेना. बोटांचा वास घालवताहेत, दुसरं काय! देवा, आजच का रे? मी धुतलेला शर्ट घेऊन धावले, तोच घंटा वाजली.

हेच दार उघडायला गेले. लेकीनं बाळाला खांद्यावर सावरलं, वाकून कॉलर हुंगली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा! धूर."

"अगं, ऐक तरी."

"खूप ऐकलं आजवर." ती वळलीसुद्धा.

ह्यांनी पाठीमागे लपवलेला हात पुढे केला. दोन बोटांवर टरारून फोड आले होते, बाही करपलेली. "लाँड्रीतल्या इस्त्रीची वायर आतून जळत होती. मी म्हटलं, वास येतोय. तर सगळे म्हणे, म्हाताऱ्याला भास होतोय. बटण बंद करेपर्यंत भडकली. तुझी आई घाबरेल म्हणून बोललो नाही."

"तुम्हाला वास आला? नाकाखाली दूध करपलं तरी पेपर वाचत बसायचात की!" तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, खरंय हे?"

मला कुठे ठाऊक होतं! मान हलवावी तर खोटं होईल, न हलवावी तर बाळ जिना उतरेल.

तेवढ्यात ह्यांनी नाक फेंदारलं. "पोरी, भांडण मागाहून. आधी ह्याचा लंगोट बदल."

"काहीतरीच! निघताना तर..." तिनं दुपटं उचलून पाहिलं. "शी! मला कसं नाही कळलं?"

मग तिनं करपलेली बाही नाकाशी नेली, सावकाश हुंगली. "रबरच आहे हे." उंबरा ओलांडून ती आत आली. "शर्ट बदला, बाबा. मग ह्याचं तुम्हीच बदला. नाक आलंय ना परत?"

दिवा लागायचा होता अजून. हसणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं देवाला मनातल्या मनात सांगितलं आणि मलम शोधायला पळाले.